दोन शाळांचा अहवाल

सुंदरम्मा हत्तुरे यांनी एकोणीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं आणि मग त्या पर्यवेक्षिका झाल्या. बाकीचे पर्यवेक्षक शाळेत जाऊन हेडमास्तरांच्या खोलीत चहा घेत आणि तिथंच तपासणीचा कागद भरत. सुंदरम्माबाई पिशवीत स्वतःची पाण्याची बाटली नेत, प्रत्येक वर्गात जाऊन डोकी मोजत आणि जे दिसलं तेच लिहीत. ऑफिसात त्यामुळं त्यांना थोडं टरकूनच असत. त्यांना स्वतःला याचा अभिमान होता. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही; आपलं लिहिलेलं खोटं निघत नाही एवढीच त्यांची मिळकत होती.

त्र्याहत्तर सालच्या जुलैत साहेबांनी त्यांना बोलावलं. अक्कलकोट रस्त्याला शहराची हद्द संपता संपता दोन प्राथमिक शाळा होत्या, एकमेकींपासून दीड मैलावर. एक नव्या सोसायटीतली, तिला सगळे वरची शाळा म्हणत. दुसरी खडीमाळावरची, पत्र्याची, ती खालची.

"बाई, दोन्ही शाळा नीट बघून या," साहेब म्हणाले. "इमारत, पाणी, शिक्षक, हजेरी, सगळ्याला गुण द्या. शेजारी शेजारी मांडून द्या. कुठली कमी पडते ते कळलं की तिच्याकडं बघता येईल."

तिच्याकडं बघता येईल, याचा अर्थ सुंदरम्माबाईंनी आपल्या मनाप्रमाणं घेतला. जी कमी पडते तिला पत्रे मिळतील, भिंत मिळेल, आणखी एक मास्तर मिळेल.

सात रस्त्याच्या थांब्यावरून बस धरून त्या आधी वरच्या शाळेत गेल्या. सहा खोल्या, सिमेंटची गच्ची, नळ, मुलींसाठी वेगळा संडास. भिंतीवर रंगवलेला भारताचा नकाशा. हेडमास्तर शंकरप्पा पाटणे इस्त्रीचे कपडे घातलेले, बोलायला गोड. हजेरीपटावर दोनशे बारा मुलं हजर होती. बाईंनी मोजली तर एकशे एकतीस भरली.

"पावसाळा आहे बाई, साथ आहे," शंकरप्पा म्हणाले.

"साथीतली मुलं हजर कशी लागली?"

शंकरप्पा हसले आणि दुसऱ्याच विषयावर गेले. तिसरीच्या वर्गात बाईंनी एका मुलाला मधलंच पान काढून दिलं. तो घडाघडा बोलू लागला, पण बोलत होता ते पहिल्या धड्यातलं. बोट मधल्या पानावर आणि तोंडात पहिलं पान. दुसऱ्याला दिलं, तिसऱ्याला दिलं. वर्गातल्या बेचाळीस मुलांपैकी अकरा जणांना वाचता येत होतं. बाईंनी ते टिपून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्या खडीमाळावर गेल्या. तिथं दगडाच्या खाणी होत्या आणि खाणींच्या कडेला झोपड्या. दोन वर्षांच्या दुष्काळात सांगोला, मंगळवेढा या बाजूंनी आलेली माणसं तिथं खडी फोडत होती. बरेच धनगर होते. मेंढरं मेली, उरली ती विकली आणि ही माणसं हातोडे घेऊन बसली. शाळा म्हणजे दोन खोल्यांचा पत्र्याचा सांगाडा, मागची भिंत तेवढी दगडाची. त्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता. तड्यात बोट जात होतं. पाणी लांबच्या हापशावरून. संडास नाही.

चार इयत्तांना मिळून एकच मास्तर, शिवप्पा गुरुजी. निवृत्तीला तीन वर्षं राहिलेले, बाईंसारखेच लिंगायत, बोलता बोलता कानडीवर घसरणारे. पटावर एकसष्ट मुलं होती. बाईंनी मोजायला सुरुवात केली आणि थांबल्या.

"गुरुजी, ही बारकी कोण?"

भिंतीच्या कडेनं पोत्यांवर तान्ही आणि रांगती पोरं होती. काही झोपलेली, एक रडणारं, एक पाटीची कड चोखणारं. चौदा भरली.

"ती पटावरची नाहीत, अक्का. मोठ्या पोरींच्या कडेवरनं येतात. आया खाणीत. पोरीला शाळेत धाडायची तर धाकट्याला कोण बघणार? मी म्हटलं, घेऊन या."

ती चौदा सोडली तर एकसष्टपैकी अठ्ठावन्न हजर होती.

बाईंनी इथंही मधलंच पान काढलं. समोर बसलेल्या नऊ वर्षांच्या मुलीला म्हणाल्या, "तू वाच." ती मायाक्का. मांडीवर दीड वर्षाचा भाऊ, बिरू. तो पानाला हात घाली, ती त्याची मूठ हलकेच बाजूला सारी आणि पुढची ओळ वाची. एकदाही अडखळली नाही. वाचून झाल्यावर पुस्तक मिटलं नाही, बोट तिथंच ठेवून म्हणाली, "फुडचं बी वाचू का?"

"वाच."

तिनं धडा संपवला. मग विचारलं, "बाई, चौथी झाल्यावर कुटं जायाचं असतंय?"

"पाचवीला. शहरात मोठी शाळा आहे."

"तितं ह्याला घेत्यात का?" तिनं बिरूकडं हनुवटी केली. बाकीच्या पोरी हसल्या. बाईही हसल्या. तिसरी-चौथीच्या सव्वीस मुलांपैकी बावीस जणांना वाचता येत होतं. बाईंना इतकं बरं वाटलं की परत जाताना त्या हापशावर थांबून घोटभर पाणी प्याल्या.

शिवप्पा गुरुजी तिथवर पोचवायला आले होते. "अक्का, एक सांगू? ती बारकी पोरं लिहू नका."

"गुरुजी, दिसलं ते लिहावं लागतं मला."

"मग हे पण लिहा, की ती आली नाहीत तर पोरी येणार नाहीत."

"लिहिते की."

आणि त्यांनी खरंच लिहिलं. छापील कागदात रकाने होते त्यात गुण घातले: इमारत, पाणी, स्वच्छता, शिक्षकसंख्या, शिस्त. शिस्तीच्या रकान्यात शाळेला शंभरातले किती द्यायचे ते ठरलेलं होतं आणि 'वर्गात पटाबाहेरील मुले' असली तर गुण कापायचे असा नियम होता. त्यांनी कापले. वाचनासाठी रकानाच नव्हता. म्हणून त्यांनी कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूला आपल्या वळणदार अक्षरात सगळं मांडलं. वरच्या शाळेची खोटी हजेरी, दोन्हीकडच्या वाचनाचे आकडे, बारकी पोरं का येतात ते, आणि शेवटी, की खालच्या शाळेला भिंत व एक शिक्षिका ताबडतोब मिळावी. बेरीज केली तेव्हा वरच्या शाळेला ब्याऐंशी गुण आले, खालच्या शाळेला एकतीस.

चार दिवसांनी टाइप केलेली प्रत सहीसाठी आली. एकच पान होतं. मागची बाजू टाइप झालेली नव्हती.

"साहेब, माझा मजकूर राहिलाय."

"मूळ कागद जोडलाय ना खाली? ही फक्त गोषवाऱ्याची प्रत. वर पाठवायची आहे, सही करा," साहेब म्हणाले. ते छत्री घेऊन उभे होते. टायपिस्ट यंत्रावर कापड घालत होती.

सुंदरम्माबाईंनी सही केली. पुढं कितीदा तरी त्यांनी ती संध्याकाळ आठवून पाहिली. आपण घाईत नव्हतो. आपल्याला बस चुकणार नव्हती. पुन्हा टाइप करून द्या, असं म्हणायला एक वाक्य लागलं असतं.

पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन झालं आणि सोळा तारखेला खालची शाळा बंद झाली. हुकुमात लिहिलं होतं: तुलनात्मक पाहणीत इमारत धोकादायक व शाळा असमाधानकारक आढळल्याने पट वरच्या शाळेत वर्ग करण्यात येत आहे. शिवप्पा गुरुजींची बदली शहराच्या दुसऱ्या टोकाला झाली. पत्र्याच्या खोल्यांत डांबराची पिंपं ठेवायला लागले.

सुंदरम्माबाई साहेबांकडं गेल्या. "मी बंद करा म्हटलं नव्हतं."

"भिंतीला तडा आहे असं तुम्हीच लिहिलंय. उद्या पोरांवर पडली तर? आणि पोरं काय रस्त्यावर पडली का? चांगल्या इमारतीत गेली की."

तडा होताच. बोट जात होतं. खरं तर त्या थोड्या सावरल्याही. भिंतीचा तरी प्रश्न मिटला, असं स्वतःला सांगत राहिल्या. त्या महिन्यात त्यांच्याकडं दुसऱ्या बारा शाळा होत्या. वरच्या शाळेकडं त्यांचं पाऊल ऑक्टोबरच्या शेवटी वळलं, तेही शिवप्पा गुरुजी ऑफिसात आले म्हणून.

गुरुजी बाकावर बसले होते. टोपी काढून मांडीवर ठेवलेली. बाईंना बघून उठले नाहीत.

"काय झालं, गुरुजी?"

"मायाक्का आठवते का तुम्हाला? धनगराची. तिचा भाऊ गेला. बिरू."

"आजारी होता?"

"खाणीत बुडाला."

मग त्यांनी सांगितलं, थांबत थांबत, अर्धं मराठीत, अर्धं कानडीत.

शाळा बदलल्यावर मायाक्का पहिल्या दिवशी बिरूला कडेवर घेऊन दीड मैल चालत वरच्या शाळेत गेली होती. फाटकाशी तिला थांबवलं. ही शाळा आहे, पाळणाघर नव्हे. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली, भावाला फाटकाबाहेर झाडाखाली बसवून आत गेली. तो रडला. तिला हाकललं. तिच्यासारख्या अकरा-बारा मुली होत्या, त्या तिथंच सुटल्या. मुलगे काही दिवस गेले. त्यांना मागच्या बाकावर बसवत, 'खडीवाले' म्हणत. मग तेही गळाले.

मायाक्का घरी राहिली. पण तिनं पुस्तकं ठेवून दिली नाहीत. शंकरप्पांच्या शाळेतली एक मुलगी रस्त्याला भेटायची, तिच्याकडून तिला कळलं की सहामाही परीक्षा आहे आणि परीक्षेला बसलं नाही तर चौथीतून नाव काढतात. परीक्षेच्या दिवशी आई गोजाबाई खाणीत गेली. बाप सिद्धाप्पा उरलेली चार मेंढरं घेऊन कुणाच्या तरी रानात होता. मायाक्कानं बिरूला दूध-भाकरी कुस्करून भरवली, थोपटून झोपवलं, शेजारच्या ईरम्माच्या सासूला म्हणाली, "आजी, जरा ध्यान ठेवा. मी पेपर लिवून येते." म्हातारीला नीट दिसत नव्हतं. त्या वर्षी पाऊस झाला होता. दोन वर्षांत पहिल्यांदाच. सोडून दिलेल्या खाणी काठोकाठ भरल्या होत्या.

"भाषेचा पेपर होता," गुरुजी म्हणाले. "पोरगी परत आली तवा माणसं जमली होती."

सुंदरम्माबाई त्यांच्या शेजारी बाकावर बसल्या. ऑफिसात कोणीतरी चहाला हाक मारत होतं. त्या म्हणाल्या, "मी मागच्या बाजूला सगळं लिहिलं होतं, गुरुजी. तुम्ही म्हणाला होता ते सुद्धा."

"लिहिलं असेल, अक्का." गुरुजींनी टोपी घातली. "मला कोण दाखवणार ते?"

त्या आठवड्यात बाई खडीमाळावर गेल्या. दुपारची वेळ. खाणीच्या कडेला बायका ओळीनं बसून खडी फोडत होत्या, डोळ्यांना दगडाची कपची लागू नये म्हणून पदर नाकावरून ओढलेला. गोजाबाई कोण ते विचारावं लागलं. ती तिशीचीही नसेल, पण हात पन्नाशीचे होते. तिच्या शेजारी मायाक्का बसली होती. तिच्या हातात लहान हातोडा होता. ती बाईंकडं बघून पुन्हा दगडाकडं वळली.

"मी शाळाखात्यातली," बाई म्हणाल्या. "तुमचं कळलं मला."

गोजाबाई हातोडा खाली न ठेवता म्हणाली, "बसा की."

बाई खडीवरच बसल्या. काय बोलायचं ते त्यांनी बसमध्ये ठरवलं होतं, ते सगळं आता तोंडात येईना. शेवटी त्यांनी सरळ सांगून टाकलं.

"शाळा बंद झाली ती माझ्या कागदावरून. मी दोन्ही शाळा बघून गेले होते. बारकी पोरं वर्गात बसतात असं मीच लिहिलं होतं."

गोजाबाईनं एक दगड पुढं ओढला, फोडला, तुकडे ढिगात सारले. दुसरा घेतला.

"बसत व्हतीच की," ती म्हणाली. "मग खरंच लिवलं तुमी."

त्यात राग नव्हता. बाईंना वाटलं, शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"मायाक्काला पुन्हा शाळेत पाठवा. मी बोलते तिथं. आता तिला कुणी अडवणार नाही."

"आता कोन अडवंल? आता कडंवर कोन हाय तिच्या?" गोजाबाईचा आवाज पहिल्यांदा फाटला. तिनं पदर तोंडावर धरला, पण लगेच सोडला. "तीच जात न्हाय, बाई. मी न्हाई धरून ठिवलं. बा म्हनला, म्या म्हनलं, जा. बोलतच न्हाय कुनाशी. हातोडा तिनंच मागून घेतला."

"मायाक्का," बाई म्हणाल्या, "तुझा पेपर मी काढून बघितला. चांगला लिहिलायस."

हे खरं होतं. येण्याआधी त्या वरच्या शाळेत गेल्या होत्या आणि गठ्ठ्यातून तो पेपर शोधून वाचला होता. पन्नासपैकी चव्वेचाळीस. वर्गात सगळ्यांत जास्त.

मायाक्कानं मान वर केली नाही. हातोडा मात्र थांबला. मग तिनं विचारलं, इतक्या हळू की बाईंना वाकावं लागलं, "किती वाजता सुटला व्हता वो पेपर?"

बाईंना ते माहीत नव्हतं. "का गं?"

"मी लवकर उटली असती तर. शेवटचा प्रश्न सोडून."

बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. पोरगी दगडासारखी बसली होती. हात झटकला नाही आणि जवळही आली नाही. लांबून मुकादमानं हाक दिली. गोजाबाई म्हणाली, "जावा आता, बाई. त्यो बगतोय. दिसाचा रोज तुटंल आमचा."

सुंदरम्माबाईंनी त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांसमोर बसून पत्र लिहिलं. माझ्या अहवालाचा गोषवारा अपुरा होता, त्यावर मी सही केली ही माझी चूक, त्यामुळे झालेला निर्णय बदलावा व खडीमाळावरील शाळा पुन्हा सुरू करावी. झालेली घटनाही लिहिली, मुलाच्या नावासकट. साहेबांनी ते वाचलं आणि दार लावून घेतलं.

"बाई, हे मी पुढं पाठवलं तर पहिली चौकशी तुमची होईल."

"होऊ दे."

"आणि होऊन काय? एकतीस गुण तुम्ही दिलेत. आता तुम्हीच म्हणणार ते चूक होते?"

"गुण चूक नव्हते, साहेब. गुण बरोबरच होते." त्यांना पुढचं नीट मांडता येईना. "शाळा चांगली होती."

साहेबांनी पत्राची घडी घातली. माणूस दुष्ट नव्हता. त्यांनी पत्र ठेवून घेतलं. चौकशी झाली नाही आणि उत्तरही आलं नाही.

बाईंच्या हातात होतं तेवढं त्यांनी केलं. शंकरप्पांना त्यांनी हजेरीपट समोर धरून सांगितलं, की खडीमाळाच्या मुली भावंडांना घेऊन आल्या तर त्यांना व्हरांड्यात बसू द्यायचं, नाही तर ही न आलेली एक्याऐंशी मुलं मी आता नावानिशी वर कळवते. आयुष्यात त्यांनी पहिल्यांदा कुणाचं खोटं वर न कळवता झाकून ठेवलं होतं, आणि ते हत्यारासारखं वापरलं होतं. शंकरप्पांनी मान्य केलं. नोव्हेंबरात सहा मुली परत आल्या. व्हरांड्यात पोतं अंथरलं गेलं. डिसेंबरात नऊ झाल्या. एकसष्टपैकी सगळी मिळून तेवीस मुलं शाळेत राहिली. बाकीची कुठं गेली ते पटावर कळत नव्हतं. ती रोज हजर लागत होती.

मायाक्का त्यांत नव्हती. बाई आणखी एकदा माळावर जाऊन आल्या. तेव्हा ती खाणीच्या आत खाली होती, वर आली नाही.

संक्रांतीनंतर त्या पुन्हा गेल्या तेव्हा सोबत चौथीची पुस्तकं होती. घरी बसून वाचायला तरी द्यावीत, असं त्यांनी ठरवलं होतं. गोजाबाईच्या झोपडीच्या जागी चार मेढींची भोकं होती आणि चुलीचे तीन दगड. शेजारची ईरम्मा बाहेर आली.

"गेली की ती माणसं, बाई. पंधरा दिस झालं. पाऊस झालाय न्हवं तिकडं. सिद्धाप्पाला कुनीतरी वाट्यानं मेंढरं दिल्यात."

"गाव कुठलं?"

"सांगोल्याच्या फुडं कुटंतरी. नाव न्हाय वो ठावं."

"तिथं शाळा आहे का?"

ईरम्माला या प्रश्नाचं नवल वाटलं. "मेंढरांमागं कसली शाळा? पोरगी बी मेंढरांमागंच जायाची. बोलाया लागलीया आता जरा, असं म्हनत व्हती तिची आई. मेंढरांशी बोलती म्हनं."

ऊन चढलं होतं. खाणीतून हातोड्यांचा आवाज येत होता. ईरम्माच्या दारात तिची सात-आठ वर्षांची मुलगी बहिणीला कडेवर घेऊन उभी होती, बाईंच्या पिशवीकडं बघत.

"ही जाते का शाळेत?" बाईंनी विचारलं.

"न्हाय अजून. लांब हाय लई. आनी मोठा रस्ता मदी."

"उद्या सकाळी मी येते," सुंदरम्माबाई म्हणाल्या. "रस्ता मी ओलांडून देते. हिला आणि कडेवरचीला, दोघींना."

ईरम्मानं त्यांना नीट न्याहाळलं, सरकारी बाई खरं बोलते का ते बघावं तसं. मग म्हणाली, "या तर खरं. मग बगू."

दुसऱ्या दिवशी सुंदरम्माबाई गेल्या. ईरम्मा पोरींना घेऊन कामाला निघून गेली होती आणि झोपडीला बाहेरून कडी होती. त्या परत फिरल्या, आणि पुढल्या दिवशी पुन्हा पहिली बस धरली.